पोकळीचे भाडे

परदेशातून ध्वनियंत्र मागवावे की मागवू नये, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या रसिकापुढे ज्या स्वरूपात येतो, त्या स्वरूपात तो आम्हा पुलगावकरांपुढे येत नाही. मुंबईकराला दुकानात जाऊन चार स्पीकर ऐकता येतात, त्यांतले तीन नाकारता येतात, आणि मग चौथ्याची इथली किंमत व परदेशातली किंमत यांची तुलना करीत तो निवांत बसू शकतो. वर्धा नदीच्या काठी, नागपूर-भुसावळ लोहमार्गावर वसलेल्या आमच्या गावात लग्नाच्या मांडवाचे भोंगे भाड्याने मिळतात आणि मोबाइलचे स्पीकर विकत मिळतात. या दोहोंच्या मधले काही ऐकायचे असेल तर नागपूर गाठावे लागते. त्यामुळे न ऐकलेली वस्तू, न पाहिलेल्या विक्रेत्याकडून, हजारो मैलांवरून मागवायची, अशीच आमच्यापुढची निवड असते. तिची किंमत पावतीवरच्या आकड्यात मावत नाही, एवढे आम्हाला अनुभवाने कळले आहे. ती कुठे कुठे दडलेली असते, याचा हा हिशेब.

गावाला आयात-निर्यात नवखी नाही. पुलगावहून आर्वीकडे नॅरोगेज गाडी धावत असे. या मुलखातल्या अशा फाट्यांचे प्रयोजन मुख्यत: कापूस. वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस इंग्लंडला जाई आणि कापड होऊन परत येई. वस्तू जितके अंतर कापते तितके मधले हात वाढतात आणि प्रत्येक हात आपला वाटा काढून घेतो, हे अर्थशास्त्र आमच्या पूर्वजांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आमच्या वडिलांच्या तरुणपणी तर हा प्रश्नच उद्भवत नव्हता. परदेशी ध्वनियंत्र आणायचे दोनच मार्ग होते: आखातातून परतणाऱ्या कुणाच्या सामानातून, किंवा मुंबईच्या मुसाफिरखान्यातून आणि मनीष मार्केटातून. पहिल्याला नातेवाईक लागत, दुसऱ्याला धाडस. बाकीच्यांनी ठाण्यात बनणारा मर्फी ऐकावा आणि समाधान मानावे. १९९१ नंतर दारे किलकिली झाली. १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे आयातीचे परिमाणात्मक निर्बंध उठले आणि ग्राहकोपयोगी परदेशी माल उघडपणे येऊ लागला. तेव्हापासून प्रश्न परवानगीचा कमी आणि पैशाचा अधिक झाला.

पैशाचा हिशेब कसा होतो ते पाहू. करांचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून ते पाठ करण्यात अर्थ नाही. रीत मात्र तीच राहते. कर केवळ वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर आधी मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर अधिभार, आणि मग या साऱ्यांच्या बेरजेवर जीएसटी. समजा, अँप्लिफायरची किंमत ५०,००० रुपये, भाडे १०,००० आणि विमा ५०० आहे. रीत समजावी म्हणून शुल्क २० टक्के, अधिभार शुल्काच्या १० टक्के आणि जीएसटी १८ टक्के धरू. ६०,५०० वर शुल्क १२,१००, अधिभार १,२१०, बेरीज ७३,८१०, त्यावर जीएसटी सुमारे १३,२८६. एकूण ८७,०९६ रुपये. यात कुरिअर कंपनीची हाताळणी आणि परकीय चलनासाठी बँक लावते ती रक्कम धरलेली नाही. म्हणजे आपण कर भरतो तो वाहतुकीवरही, आणि करावरही.

आता ते भाडे कसे ठरते, हे त्याहून मौजेचे आहे. कुरिअर कंपन्या खोक्याचे प्रत्यक्ष वजन आणि त्याचे ‘आकारमानाचे वजन’ यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी आणि उंची गुणून सहसा ५,००० ने भागतात. जमिनीवर उभा राहणारा एक स्पीकर ११० x ३५ x ४५ च्या खोक्यात आला, तर त्याचे हिशेबी वजन होते ३४.६५ किलो, तो खरोखर वीस किलोचा असला तरी. आणि स्पीकरची पेटी म्हणजे काय? चहूबाजूंनी फळ्या आणि आत पोकळी. ती पोकळी आवश्यक असते, मंद्र स्वर तिच्याच आधाराने उमटतात. परंतु साता समुद्रांपलीकडून आपण जे आणवतो त्यातला मोठा भाग हवा असतो, हे विसरता येत नाही. तिचे भाडे भरायचे आणि त्या भाड्यावर पुन्हा कर भरायचा.

तिसरी गोष्ट विजेची. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानात १०० व्होल्ट. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळतो, आणि बहुतेकांना वाटते की प्रश्न तिथेच मिटला. पण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. जुन्या पद्धतीच्या अनेक रेकॉर्ड प्लेअरांची मोटर विजेच्या आवर्तनांशी बांधलेली असते. साठ हर्ट्झसाठी बनवलेला असा प्लेअर पन्नासवर लावला की ३३⅓ फेऱ्यांची तबकडी मिनिटाला जेमतेम २७.८ फेरे घेते. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटे चालते. आणि स्वर? ते पाच-षष्ठांश होतात, म्हणजे मूळ षड्जाच्या जागी मंद्र सप्तकातला शुद्ध धैवत ऐकू येतो. राग बदलत नाही, कारण सगळेच स्वर सारखे उतरतात. पण किशोरीताईंचा भूप त्यांच्या कंठातून येत नाही, कुणा जड झालेल्या, झोपाळू गळ्यातून येतो. आमच्या परिचयाच्या एका घरी आम्ही हे प्रत्यक्ष ऐकले आहे. यजमानांना आवाज ‘भरदार’ वाटत होता. मोटरची पुली पन्नास हर्ट्झची बसवली की दोष जातो. ती मिळवण्यासाठी पुन्हा परदेशी पत्रव्यवहार करावा लागतो. डीसी मोटरचा किंवा क्वार्ट्झवर चालणारा प्लेअर मात्र या भानगडीतून मुक्त असतो.

चौथी गोष्ट नियमांची. वापरलेले सामान स्वस्त मिळते, म्हणून पुष्कळांचा डोळा जुन्या अँप्लिफायरवर असतो. परंतु वापरलेल्या ग्राहकोपयोगी मालाची आयात आपल्या विदेश व्यापार धोरणात परवान्याच्या बंधनात आहे, आणि असे पार्सल अडकले की सुटका अवघड. ब्लूटूथ किंवा वायफाय असलेले यंत्र असेल तर दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेच्या मान्यतेचा प्रश्न निघू शकतो. ‘भेट’ लिहून पाठवण्याची युक्ती तर संपलीच: ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेली करमाफी डिसेंबर २०१९ मध्ये राखी आणि जीवनरक्षक औषधे वगळता काढून घेण्यात आली.

आता आमच्या घरची गोष्ट. वडील गावातल्या दारूगोळा भांडाराच्या कचेरीतून निवृत्त झालेले. नागपूर-मुंबईच्या प्रत्येक फेरीत एखादी एलपी आणायची, या नेमाने त्यांनी दोनशेच्या आसपास तबकड्या जमवल्या होत्या. प्लेअर जुना. त्याला वर्षानुवर्षे जिवंत ठेवणारा गावातला रेडिओ दुरुस्तीवाला वारला, आणि त्याच्यामागून दोन वर्षांत प्लेअरही गेला. वडिलांना तेव्हा अठ्ठ्याहत्तरावे लागले होते. वयानुसार वरच्या पट्टीतले बारकावे ऐकू येईनासे होऊ लागले होते. तंबोऱ्याची जवारी पूर्वीसारखी लागत नाही, असे ते म्हणत. ती तंबोऱ्याची नव्हती, कानांची होती, हे आम्हा भावंडांना कळत होते. कान आहेत तोवर त्यांना चांगले ऐकायला मिळावे, एवढाच हेतू. २०१८ साली आम्ही वर्गणी काढून अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडून डीसी मोटरचा प्लेअर मागवला. कराची रक्कम एकूण मूल्याच्या साधारण दोन-पंचमांश झाली. ती अपेक्षित होती. पार्सल पाच आठवड्यांनी आले. वरचे झाकण तडकलेले होते आणि टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, आपल्या बैठकीत डळमळत होता.

कुरिअर कंपनीचे म्हणणे, बांधणी सदोष होती. विक्रेत्याचे म्हणणे, बांधणी उत्तम होती. माल परत पाठवा, पैसे देतो. परतीचे भाडे आमचे. भरलेल्या कराचे काय? सीमाशुल्क कायद्याच्या ७४ व्या कलमात तरतूद आहे: आयात केलेला माल जसाच्या तसा पुन्हा निर्यात झाला, तर भरलेल्या शुल्काच्या ९८ टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळू शकते. परंतु त्यासाठी निर्यातीची कागदपत्रे रीतसर व्हायला हवीत आणि हीच ती वस्तू, हे सीमाशुल्क अधिकाऱ्याला पटायला हवे. व्यापारी पेढीला हे रोजचे काम. पुलगावच्या एका घराला एका प्लेअरसाठी त्यात पडायचे तर दलाल, प्रवास आणि महिने. शिवाय बदली प्लेअर आला की त्याच्यावर नव्याने कर. तरतूद सर्वांसाठी असते. तिच्यापर्यंत पोचायचे भाडे मात्र ज्याचे त्याने भरायचे असते. आणि आमच्याकडे महिने नव्हते.

प्लेअर दुरुस्त झाला तो गावातच, आणि झाला तो घड्याळजीकडे. टोनआर्मची बैठक म्हणजे दोन अणकुचीदार टोके आणि त्यांच्या वाट्या; त्यातले एक टोक वाकले होते. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून ते पाहिले. ‘हे तर आमचंच काम आहे जी,’ म्हणाले. यापूर्वी त्यांनी टोनआर्म कधी हाती धरला नव्हता. परंतु टोकावर तोललेले काहीतरी हलके फिरले पाहिजे, हे त्यांच्या बोटांना चाळीस वर्षे ठाऊक होते. तीन दिवस आणि चारशे रुपये. त्यानंतर वडिलांनी पावणेतीन वर्षे रोज संध्याकाळी एक बाजू ऐकली.

या अनुभवातून आम्ही जी समजूत काढली ती अशी. परदेशी यंत्राची खरी जोखीम करात नाही. कर आधी मोजता येतो. खरी जोखीम ही की ते यंत्र इथे नातलगांशिवाय येते. आमच्या भागात मांडवातला आहुजाचा अँप्लिफायर बिघडला तर तो उघडणारे दहा हात आहेत, आणि टू-एन ३०५५ हा ट्रान्झिस्टर कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मागता येतो. परदेशी यंत्राची पाठीमागची पट्टी उघडली की हमी संपते, आणि न उघडावी तर यंत्र संपते. त्यात विदर्भातला उन्हाळा. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी खोलीत ठेवलेल्या अँप्लिफायरला थंड हवेत बसलेल्या आरेखकाने गृहीत धरलेली हवा मिळत नाही.

म्हणून जी वस्तू लहान, हलकी आणि इथे न बनणारी, ती अवश्य मागवावी: सुई, कार्ट्रिज, स्पीकरच्या आतले ड्रायव्हर. अँप्लिफायर इथला घ्यावा. कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या घरांनी हे काम दशकानुदशके केले आहे. आणि पेटी गावच्या सुताराकडून करून घ्यावी. आम्ही तेच केले. मापे ड्रायव्हरच्या कंपनीने दिलेल्या कागदावरची, फळ्या इथल्या, सांधे वर्ध्याच्या एका सुताराचे. एक पेटी पहिल्याच पावसाळ्यात किंचित फुगली आणि एका विशिष्ट स्वराला थरथरू लागली. सुतार सायकलवर आला, आतून एक आडवी पट्टी ठोकून गेला. थरथर थांबली.