ज्येष्ठतेची यादी

षड्रिपूंच्या मालिकेत मत्सराला अगदी अखेरचे स्थान मिळाले याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे; कारण काम-क्रोधांशी तोंडओळख होण्यापूर्वीच त्याच्याशी माझा दाट घरोबा जमला होता. नागपुरात सदरमधल्या आमच्या देवळात नाताळच्या उपासनेत एकट्याने गीत म्हणण्याचा मान चुलतभावाला मिळाला, त्या पहाटे मी सर्वांबरोबर उच्चस्वराने स्तवन करीत होतो आणि मनात मात्र त्याचा घसा बसावा अशी विनवणी चालली होती. ही विनवणी ज्याच्यापाशी, त्याचाच तो जन्मदिवस, हे काही तेव्हा सुचले नाही. पुढे हिस्लॉप कॉलेजात असताना, १८६३ साली टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडालेल्या स्टीफन हिस्लॉपची गोंडादी जमातींविषयीची टिपणे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये हिस्लॉपच्याच नावाने छापविली, हे वाचून ‘साहेबाने ती आपल्या नावावर का नाही खपविली?’ एवढीच शंका मला आली, यावरून माझ्या मनाची घडण ध्यानात यावी.

पण मत्सराचे खरे दफ्तर उघडले ते कचेरीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली, विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि ठिकठिकाणच्या नोकरवर्गाची एकत्र ज्येष्ठता ठरविण्याचे किचकट काम सुरू झाले. त्या यादीत माझ्यामागून चार वर्षांनी रुजू झालेला, आमच्याच मंडळीतला एक गृहस्थ माझ्या डोक्यावर जाऊन बसला. मंत्र्यासंत्र्यांचा हेवा मला जन्मात वाटला नाही. हेवा शेजारच्या मेजाचा.

त्याच सुमारास मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला मी प्रथमच कारकुनी डोळ्यांनी वाचला. द्राक्षे आम्हांस परकी. काटोलकडची संत्र्याची बाग कल्पिली की झाले. पहाटेपासून राबलेल्याला आणि दिवस कलताना आलेल्याला सारखीच मजुरी, हे तर जगजाहीर आहे. पण धन्याने वाटणी शेवटच्यापासून सुरू करविली, या तपशिलाशी मी अडखळलो. पहिल्यांना आधी पैसे मिळते, तर ठरल्या मजुरीवर संतुष्ट होऊन ती माणसे घरी गेली असती! धन्याने त्यांना मुद्दाम थांबवून पाहावयास लावले. आणि मग तो विचारतो तेही, मूळ ग्रीक शब्दांत, डोळ्याविषयीच: तुझा डोळा वाईट आहे काय? आपल्याकडे दृष्ट लागते ती ज्याच्याकडे पाहिले त्याला. इथे ती पाहणाऱ्यालाच लागलेली. दान्तेने मत्सरी जनांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवल्या, त्यातले मर्म मला त्या यादीने समजाविले.

आईला मी सारे सांगितले. ती म्हणाली, “त्याचं नाव घेऊन रोज प्रार्थना करत जा बाबू. अन् चांगलंच मागायचं.” मी मागितले: त्याची मुंबईस बदली व्हावी, सहकुटुंब, प्रकृती उत्तम असताना. परमेश्वराने अर्ज अक्षरशः मंजूर केला आणि वर बढतीही दिली.

तरी ते नाव सुटले नाही. सवयीने का होईना, रोज मागायचे म्हटले की माणसाची चौकशी करावी लागते. मुलीचा दमा, चाळीतली जागा, भावाशी बिनसलेले, असे एकेक कळत गेले, आणि ज्याच्या पायरीचा मी हिशेब ठेवीत होतो त्याच्या घराचा मला नकाशाच पाठ झाला. मत्सर निमाला असे मात्र मी म्हणणार नाही. शपथेवर तर नाहीच.

१९६० नंतर हिवाळी अधिवेशनासाठी मुंबईहून सरकारी दप्तरांबरोबर तोही नागपुरास येऊ लागला. एका डिसेंबरात परतीच्या आदल्या दिवशी त्याच्यासाठी आंबेबहाराची संत्री घ्यायला मी संत्रा मार्केटात गेलो. दोन पिशव्या भरल्या, एक त्याची, एक घरची. बाहेर येऊन पाहतो तो जाड सालीची, पोचट फळे सगळी त्याच्या पिशवीत. हातांनी हे केव्हा केले कोण जाणे. रस्त्याच्या कडेला पिशव्या टेकवून मी घरची दोन मोठी संत्री काढली. एक त्याच्या पिशवीत घातले. दुसरे बराच वेळ हातात होते. रिक्षावाला घाई करू लागला, तेव्हा ते मी खिशात टाकले.