आमच्या धाकट्या आजोबांचा शोध

वाचकहो, तुमच्याही घरात माळ्यावर किंवा बळदाच्या कडेला एखादी जुनी लोखंडी पेटी असेल. तिच्यात पलटणीतल्या कुणा पूर्वजाचे कागद असतील. ते चार पिढ्या कुणी उघडून पाहिलेले नसतील. तसे असेल तर आमची ही हकिगत जरूर वाचा.

आमचे गाव खानापूर तालुक्यातले. जमीन माळाची, पाणी पावसावर. दोन भाऊ असले की एकाने शेत सांभाळायचे आणि दुसऱ्याने पलटणीत जायचे, अशी आमच्याकडची जुनी रीत. माझे आजोबा शेतावर राहिले. त्यांचे धाकटे भाऊ १९४० साली भरती झाले. लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. एकदा रजेवर आले, शाळूची काढणी करून गेले, ते पुन्हा परतले नाहीत. पुढे सरकारी कागद आला. लढाईत कामी आले, एवढेच त्यात होते, असे घरची मंडळी सांगत. कुठे, कसे, कधी, हे कुणी विचारले नाही आणि विचारायचे कुणाला तेही ठाऊक नव्हते. तो कागदही नंतर वाळवीने खाल्ला.

मागे राहिली ती आमची धाकटी आजी. वय अठराच्या आसपास, मूलबाळ नाही. माहेरची माणसे न्यायला आली, पण ती गेली नाही. आम्हा सगळ्या भावंडांना तिनेच अंगाखांद्यावर वाढवले. महिन्याला विट्याला जायची, ट्रेझरीत अंगठा उठवायची आणि पेन्शन आणायची. गावात चार तोंडे चार गोष्टी बोलत. कुणी म्हणे, तो मेला नाही, तिकडेच मडमेशी संसार करून राहिला. आजी ऐकून घ्यायची आणि जात्यावर बसायची.

एकदाच तिने मला मनातले सांगितले. मी तेव्हा कॉलेजात होतो. ती म्हणाली, "बाळा, मेलं ते मेलं. आपण हितं दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. पण तिकडं त्यास्नी कुणी दिला का रं? का तसंच कुठं चिखलात ऱ्हायलं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. १९९१ साली आजी गेली. तिथी माहीत नसल्यामुळे धाकट्या आजोबांचे पान आम्ही सर्वपित्री अमावास्येलाच वाढत आलो.

खरा शोध सुरू झाला तो सातबाऱ्यामुळे. उताऱ्यावर धाकट्या आजोबांचे नाव तसेच होते. आजी होती तोवर ते नाव कमी करायचा विषयच तिने काढू दिला नाही. २०१९ साली आम्हा चुलत भावांची वाटणी निघाली. तलाठ्यांनी सरळ विचारले, "यांच्या मृत्यूची तारीख काय?" आम्ही पाच जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ज्या माणसाच्या पेन्शनवर आमच्या विहिरीचे निम्मे काम झाले, तो कधी मेला हे घरात एकालाही माहीत नव्हते. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

गावातल्या एका निवृत्त सुभेदारांकडे गेलो. त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती अशी, "शिपाई नावाने सापडत नाही, नंबराने सापडतो. नंबर, हुद्दा आणि पलटण एवढे तीन शब्द आणा." घरी येऊन पेटी उघडली. आत पेन्शनचे फाटके पुस्तक होते. पहिले पान निम्मे गेलेले, पण नंबर शाबूत होता आणि शेजारी लिहिले होते, १/५ मराठा. सुभेदारांनी उलगडा केला. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट, तिची ही पहिली पलटण. हीच जंगी पलटण. रेजिमेंटचे मुख्य ठिकाण बेळगाव, तेव्हाही आणि आजही.

पेटीत तीन पत्रेही होती. लढाईवरून येणाऱ्या पत्रात ठिकाण लिहायची मनाई असे. त्यामुळे घरच्यांना परमुलूख यापलीकडे काही कळले नव्हते. पण धाकटे आजोबा शेतकऱ्याचे पोर. शेवटच्या पत्रात त्यांनी विचारले होते की शाळू उगवला का, विहिरीला पाणी लागले का. आणि लिहिले होते की इथे डोंगरउतारावर द्राक्षाचे वेल आहेत, आणि नांगराला बैल पांढरेच आहेत, आपल्या खिलारासारखे, पण अंगाने दांडगे. माझी नात नववीत होती. तिने ते वाचले आणि मोबाइलवर शोधून मला इटलीच्या बैलांची चित्रे दाखवली. देश सापडला तो असा!

मग तिनेच पुढची वाट काढली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन नावाची एक संस्था १९१७ पासून आहे. दोन्ही महायुद्धांत इंग्रजी साम्राज्याच्या फौजांतून जे पडले, अशा सुमारे १७ लाख माणसांची नोंद ती ठेवते. आपल्या हिंदी शिपायांचीही. दुसऱ्या युद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ पासून ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतच्या मृत्यूंची नोंद तिच्याकडे आहे. इंटरनेटवर कुणालाही ती फुकट पाहता येते.

पण दोन दिवस काही सापडेना. कारण आम्ही सांगली जिल्हा शोधत होतो. १९४३ साली सांगली जिल्हा होता कुठे? आमचा तालुका तेव्हा साताऱ्यात. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. दुसरी अडचण आडनावाची. साहेबाच्या कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिलेले. आमच्या गावाचे नाव तर ओळखू येणार नाही असे. शेवटी नंबर जुळला तेव्हाच खात्री पटली.

पोरीने वाचून दाखवले. शिपाई, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. मृत्यू २९ नोव्हेंबर १९४३. पुढे वडिलांचे नाव, गाव, सातारा. आणि त्याच ओळीत, अमकीचा पती, म्हणून आमच्या धाकट्या आजीचे नाव! विटे आणि पंढरपूर यांपलीकडे जी कधी गेली नाही, तिचे नाव सातासमुद्रापलीकडच्या वहीत इतकी वर्षे लिहिलेले होते.

त्याखाली ठिकाण होते, सांग्रो नदी दहन स्मारक.

दहन हा शब्द ऐकला आणि मी उठून अंगणात गेलो. नंतर सगळे समजून घेतले. इटलीत सांग्रो नदीजवळ लढाईतल्या सैनिकांची मोठी दफनभूमी आहे, अडीच हजारांवर थडगी आहेत. तिच्याच आवारात एक वेगळे स्मारक आहे. ज्या हिंदी सैनिकांचे देह त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नीला दिले, अशा पाचशेहून अधिक जणांची नावे त्यावर आहेत. इटलीत अशी तीन स्मारके आहेत. म्हणजे आजीच्या प्रश्नाचे उत्तर १९४३ सालीच दिलेले होते. फक्त ते आमच्या घरापर्यंत पोहोचले नव्हते.

लढाईचीही माहिती मिळाली. धाकट्या आजोबांची पलटण आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत उतरली. नोव्हेंबरात पावसाने सांग्रो फुगली, पूल वाहून गेले, रस्त्यांचा राडा झाला. पलीकडच्या टेकाडावर जर्मन पक्के बसलेले. त्या चिखलातून महिनाअखेरीस आपल्या फौजा पार झाल्या आणि टेकाड घेतले. भरल्या ओढ्यातून बैल काढताना काय होते हे तुम्हाला मी सांगायला नको. इथे तर समोरून गोळ्या होत्या.

याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने मशीनगनचा मोर्चा मारून पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथल्या मोंतोने गावाने २०२३ साली त्यांच्या नावे छायाघड्याळाचे स्मारक उभे केले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव हे तर धाकट्या आजोबांच्याच पलटणीतले. त्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना गोळीबारातून बाहेर काढले, आणि तोच क्रॉस मिळवला. मोठ्यांची नावे पुस्तकांत येतात. बाकीच्यांची आठवण घरानेच ठेवायची असते.

आता तुम्हाला चार गोष्टी सांगतो. घरात कुणी पलटणीत होते असे ऐकून असाल, तर आधी म्हाताऱ्या माणसांपाशी बसा आणि ऐकलेले लिहून घ्या. पेन्शनचे पुस्तक, डिस्चार्जचा कागद, पत्रे, पदके काहीही टाकू नका. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेले असते, ते भिंगाने बघा. जिल्हा त्या काळी कोणता होता हे तपासा. नावाचे इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी करून पाहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. आणि पोरांना सोबत घ्या. मोबाइल त्यांच्या हातात असतो, तो या कामी लावा.

आमच्या सातबाऱ्यावरून ते नाव अखेर कमी झाले. वाटणी शांतपणे झाली. विहिरीजवळचा तुकडा मात्र आम्ही वाटला नाही. तो अजून धाकट्या आजीचे वावर म्हणूनच ओळखला जातो.

२९ नोव्हेंबर १९४३ ची तिथी भटजींनी जुन्या पंचांगावरून काढून दिली. मार्गशीर्ष महिना निघाला. आता त्यांचे पान सर्वपित्रीला नसते. त्यांच्या तिथीला वाढतो, आणि शेजारी आजीचेही ठेवतो. पहिल्या वर्षी पान वाढताना मी मोठ्याने म्हणालो, "आजी, त्यांना अग्नी मिळाला होता गं." घरातली सगळी माणसे गप्प उभी होती.