पितळी गिटार

आमचं भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तेव्हा इथे राहणाऱ्या माणसाला भांड्यांच्या आवाजाचं वावडं असून चालत नाही. तरीसुद्धा गेल्या पावसाळ्यात मी पुतण्याची इलेक्ट्रिक गिटार घरी आणली, पहिली तार छेडली, आणि सौ. स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, मांजर शिरलं वाटतं! मांडणीवरचं काय पडलं बघा!"

मांजर नव्हतं. मीच होतो.

पुतण्या नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि जाताना "काका, हिला सांभाळा" म्हणून ही गळ्यात टाकून गेला. गिटार मोठी देखणी. आतून पोकळ, पोट सुटलेल्या हेडक्लार्कसारखी, आणि अंगावर व्हायोलिनला असतात तशी दोन भोकं. एवढं पोट असलेल्याचा आवाजही पोटातून यावा, अशी आपली साधी अपेक्षा. हिचा नाकातून यायचा.

आता थोडा इतिहास सांगणं भाग आहे. नागपूरला कॉलेजात असताना आमचा एक ऑर्केस्ट्रा होता. १९७३ साली 'यादों की बारात' आला, आणि त्यातल्या 'चुरा लिया है'नं आम्हांला वेड लावलं. गाणं सुरू होतं पेल्यावर चमचा वाजल्याच्या आवाजानं, आणि मागून येते ती भूपिंदर सिंग यांची गिटार. गॅदरिंगमध्ये मी तो तुकडा वाजवला तेव्हा तिसऱ्या रांगेत एक मुलगी बसली होती. पुढचं आमच्या दोन्ही मुलांना ठाऊक आहे.

तर तोच तुकडा इतक्या वर्षांनी मी पुन्हा वाजवला. तिसऱ्या रांगेतली मुलगी कणकेचे हात घेऊन दारात आली. म्हणाली, "त्या गाण्यात पेला सुरुवातीला वाजतो. तुमचा शेवटपर्यंत वाजतोय." आणि तिनं खोलीचं दार लावून घेतलं. आपटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. हळूच लावलं. ते मला लागलं.

मग मी अभ्यासाला बसलो. ह्या गिटारीच्या तारांखाली पिकअप नावाची वस्तू असते. चुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅरडेसाहेबांनी १८३१ साली दाखवून दिलेलीच युक्ती. म्हणजे हा गृहस्थ ऐकतो ते मुख्यतः तारेचं. पोटाशी त्याचा संबंध बेताचाच. पण पोकळ गिटार गोड वाजतच नाही असंही नाही. गिब्सन कंपनीनं १९३६ साली अशीच पोकळ ईएस-१५० काढली, आणि चार्ली ख्रिश्चन १९३९पासून ती बेनी गुडमनच्या संचात वाजवायचा. आवाज कसा, तर साजूक तुपासारखा.

माझ्याकडे मात्र डालडा. पहिला उपाय म्हणून मी एक जुना बनियन त्या भोकातून आत कोंबला. नंतर कळलं की, पोकळ गिटार स्पीकरसमोर घुमायला लागते त्यावरचं हे औषध. कर्कशपणाचा आजार वेगळा. बनियन अजून आतच आहे. दुसरा उपाय अ‍ॅम्प्लिफायरचं ट्रेबल शून्यावर आणणं. तेव्हा गिटार गोधडीत तोंड खुपसून रडल्यासारखी वाजू लागली. दार लागलेलंच राहिलं.

शेवटी आमच्या ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला गाठलं. आता तो मोबाइल दुरुस्त करतो, आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा मोसम सुरू झाला की रात्र रात्र माईक सांभाळतो. त्यानं एकदाच ऐकलं आणि म्हणाला, "सर, आवाज मोठा नाई जी, बारीक आवाज जास्त हाये. त्याले मारू नका. त्याले जमिनीत जायले वाट काढून द्या."

हे वाक्य लग्नात मंगलाष्टकांबरोबर म्हणायला हवं होतं. असो. वाट म्हणजे कपॅसिटर. तो बारीक आवाजांना अर्थकडे सोडतो आणि जाड्यांना ठेवून घेतो. आत ०.०२२ मायक्रोफॅरडचा होता, त्यानं ०.०४७चा बसवला, टोनचं बटण फिरवलं की फरक कळू लागला. आवाजाचं बटण ५०० किलोओहमचं होतं, तिथे २५०चं घातलं. घरातल्या कर्त्यानं विरोध निम्म्यावर आणला की किरकिर आपोआप ओसरते, तसं. पिकअपचे स्क्रू पिळून तो तारांपासून थोडा खाली बसवला. वर म्हणाला, "वायर लांब घ्या सर, लांब वायर बारीक आवाज खाते." हे अगदी खरं आहे. मी दुप्पट लांबीची घेतली. ती अंगणापर्यंत पुरते, आणि मी अंगणातच बसावं अशी सूचना घरातून लगेच आली.

नागपूरहून चपट्या पट्टीच्या गुंडाळीच्या ताराही आणल्या. बोट सरकताना त्या खरखरत नाहीत आणि वाजतात मऊ. त्यांची किंमत इथे लिहीत नाही, कारण हा लेख घरी वाचला जाणार आहे.

दार आता अर्धं उघडं राहू लागलं.

त्याच सुमारास वेस माँटगोमेरीविषयी वाचलं. इंडियानापोलिसचा हा गिटारवाला दिवसा कारखान्यात राबायचा. रात्री घरी वाजवायचा तर शेजारी तक्रार करायचे. म्हणून प्लॅस्टिकचा नखा टाकून तो नुसत्या अंगठ्यानं वाजवू लागला असं सांगतात. पुढे त्याच अंगठ्यानं तो जगात गाजला. माझी गाजण्याची इच्छा नव्हती, पण शेजारी होते आणि अंगठा होता.

एका रात्री सौ. झोपल्यावर मी नखा बाजूला ठेवला आणि अंगठ्याच्या मांसल बाजूनं तोच तुकडा हळूच वाजवला. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी दार करकरलं. मी थांबलो. ती दारात उभी होती.

"पेला कुठे गेला?" तिनं विचारलं.

"कुठला पेला?"

"गाण्यातला. तो हवा ना आधी."

ती स्वयंपाकघरात गेली आणि चमचा नि पेला घेऊन माझ्यासमोर खुर्चीत बसली. म्हणाली, "हं. आधी मी. मग तुम्ही."

पेला पितळी होता. फारच कर्कश वाजला. मी काही बोललो नाही.