अपराध्यांची यादी

पक्षाभिनिवेशानें लिहिलेलीं पुस्तकें वाचूं नयेत, असें आम्ही म्हणणार नाहीं. पण तीं कशीं वाचावींत, हें आम्हांस फार उशिरां कळलें. १९४० सालीं 'केटो' या टोपणनांवानें लंडनमध्यें 'गिल्टी मेन' प्रसिद्ध झालें. डंकर्कच्या आपत्तीबद्दल चेंबरलेन, बाल्डविन प्रभृति १५ जणांस त्यानें आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. कांहीं मोठ्या विक्रेत्यांनीं तें ठेवण्याचें नाकारलें, तेव्हां तें हातगाड्यांवरून विकलें गेलें. २ लाखांहून अधिक प्रती खपल्या.

वर्गांत आम्ही वर्षानुवर्षें तीच यादी निकालपत्रासारखी वाचून दाखवीत आलों. एके दिवशीं एका विद्यार्थिनीनें नम्रपणें विचारलें, "सर, तेव्हां विरोधी पक्ष काय करीत होता?" आम्ही निरुत्तर झालों. घरीं येऊन शोध घेतला, तों दिसलें कीं, १९३९ च्या एप्रिलांत मजूर पक्षानें सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध मत दिलें होतें. शिवाय 'केटो' म्हणजे मायकेल फूट, फ्रँक ओवेन व पीटर हॉवर्ड हे तिघे बीव्हरब्रुक यांच्या वृत्तपत्रांतले पत्रकार. आणि म्युनिक कराराची तरफदारी त्याच वृत्तपत्रांनीं केली होती. यादींत मात्र विरोधी बांकांवरचा कोणी नाहीं, आणि मालकही नाहींत!

यामुळें चेंबरलेन यांची चूक लहान होत नाहीं. परंतु फिर्याद हाच निकाल समजून आम्ही ती शिकविली, हा दोष ग्रंथकारांचा नव्हे, आमचा. दुसऱ्या दिवशीं वर्गांत जाऊन आम्ही तसें सांगितलें. सांगतांना जीभ जड झाली, हेंही कबूल केलें पाहिजे.