पेपरआधीचा अर्धा तास

भीती घातली की पोरांच्या डोक्यात पक्कं बसतं, असा माझा ठाम समज होता. माढ्यात गणित शिकवायचो, आणि पुरावाही हाताशी होता. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चारला चार मिनिटं कमी. किल्लारीच्या भूकंपानं आमच्याकडची भांडीही खडखडली. तेव्हा कोण कुठं झोपलं होतं, हे लोक आजही घडाघडा सांगतात. मग घाबरलेलं पोरगं पाढे कसं विसरेल?

इथंच घोळ झाला. भीतीच्या क्षणी मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढतं, अमिग्डाला हा बदामाएवढा भाग जागा होतो आणि आठवणी घडवणाऱ्या शेजारच्या हिप्पोकॅम्पसला जोर लावतो. पण पक्कं होतं ते ज्याची भीती वाटली ते. आजूबाजूचं पुसट राहतं. कुर्डुवाडीच्या स्टँडवर एक जुना विद्यार्थी भेटला. त्याला माझी छडी आठवत होती, तिला गुंडाळलेली निळी टेपसुद्धा. "कशावरून मारलं होतं रे?" "ते काय आठवत नाही, सर."

दुसरी चूक जास्त टोचते. चाचणीच्या दिवशी पेपर वाटण्याआधी मी अर्धा तास वर्गाला झापत असे. घरी पाढे धडाधड म्हणणारी पोरं मग कोऱ्या कागदाकडं बघत बसायची, आणि मी त्यांना 'ढ' ठरवून मोकळा!

पुढं जेम्स मॅकगॉ आणि सहकाऱ्यांचा 1998 चा प्रयोग वाचला. उंदरांना पाण्याखालचा चौथरा शोधायला शिकवलं. परीक्षेच्या अर्धा तास आधी विजेचा झटका दिला, तर त्यांना जागा सापडेना. दोन मिनिटं किंवा चार तास आधी दिला, तर काही बिघडलं नाही. ताणाचं संप्रेरक रक्तात चढायला वेळ लागतो. ते तयार होणंच औषधानं रोखलं, तर अर्ध्या तासाआधीचा झटकाही बाधला नाही. शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, वर येत नव्हतं. माणसात हेच काम कॉर्टिसॉल करतं. म्हणजे माझी वेळ अगदी नेमकी होती! त्या पोरांचे मार्क माझ्या खात्यात धरायला हवेत.

आता पालकांनो, एक विनंती. दहावीच्या केंद्राच्या फाटकाशी उभं राहून पोरांची उजळणी घेऊ नका. रागवायचंच असेल, तर पेपर सुटल्यावर रागवा.