मोडक्या विमानाचा हिशेब

धाराशिवच्या आडत बाजारात तीन पिढ्यांची पेढी असलेल्या एका कुटुंबात, तुरीचा हंगाम ऐन भरात असताना, एका निराळ्याच व्यवहाराची चर्चा सुरू झाली. सूर्यास्तापूर्वीची जेवणे उरकली होती. काका दिवसभराच्या आवकेचा मेळ घालीत बसले होते. तेवढ्यात पुतण्याने त्यांच्यासमोर पाच-सहा छायाचित्रे मांडली. त्यांत एक लहानसे पांढरे विमान होते. त्याचे पुढचे चाक दुमडले होते, प्रोपेलरची दोन्ही पाती मागे वळली होती आणि उजव्या पंखाचे टोक जमिनीला घासून फाटले होते.

पुतण्याने वैमानिकाचा व्यावसायिक परवाना मिळवून दीड वर्ष झाले होते. त्यासाठी लागणारे दोनशे तासांचे उड्डाण त्याने पूर्ण केले होते आणि त्या शिक्षणासाठी घरातल्या एका शेताचा तुकडा विकला गेला होता. नोकरी मात्र मिळत नव्हती. परजिल्ह्यातल्या एका धावपट्टीवर उतरताना आपटलेले हे विमान विमा कंपनीने दावा चुकता करून विक्रीस काढले होते. मागितलेली किंमत चालू स्थितीतल्या तशाच विमानाच्या तुलनेत फारच थोडी होती. ते घ्यावे, दुरुस्त करावे, स्वतःचे उड्डाणाचे तास वाढवावेत आणि पुढे शिकाऊ मुलांना भाड्याने द्यावे, असा त्याचा विचार होता.

काकांनी छायाचित्रे दिव्याजवळ नेऊन पाहिली आणि एवढेच म्हणाले, "माल स्वस्त का आहे, हे आधी कळले पाहिजे. किती स्वस्त आहे, ते नंतर पाहू."

ते विमान सेस्ना १५२ जातीचे होते. दोन आसने, एकशेदहा अश्वशक्तीच्या आसपासचे लायकॉमिंग इंजिन, सुमारे दहा मीटर पंखविस्तार आणि पाचशे किलोच्या आतबाहेर रिकामे वजन. जगभरच्या हजारो वैमानिकांनी पहिले धडे याच विमानावर गिरवले. परंतु त्याचे उत्पादन १९८५ मध्ये थांबले. म्हणजे आज बाजारात येणारे या जातीचे प्रत्येक विमान किमान चाळीस वर्षांचे. वयाचे काकांना विशेष वाटले नाही; जुने चांगले असू शकते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांना खटकले ते प्रोपेलरचे वळणे. फिरते यंत्र एकाएकी अडले, तर धक्का बाहेरच्या पात्यापाशी थांबत नाही, आतल्या मुख्य दांड्यापर्यंत जातो, हे त्यांनी तेलगिरणीत पाहिले होते.

पुतण्याने ते मान्य केले. पाते जमिनीला लागले की इंजिन संपूर्ण उघडून तपासावे, अशी खुद्द लायकॉमिंग कंपनीची सूचना आहे. क्रँकशाफ्ट बाहेर काढायचा, त्याला केसाएवढी चीर गेली आहे का ते पाहायचे, दातेरी चाके आणि त्यांचे बोल्ट तपासायचे. शिवाय या विमानात पुढच्या चाकाचा आधार इंजिनामागच्या धातूच्या आडभिंतीला जोडलेला असतो. चाक दुमडते तेव्हा ही भिंत सुरकुतते आणि ती सरळ करणे हे पत्रा ठोकण्याइतके सोपे काम नसते. "पण वरून तर सारे ठीक दिसते," असे त्याच्या तोंडून गेले. ते ऐकून काका थोडा वेळ गप्प राहिले.

त्यांच्या बहिणीचे सासर उमरगा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप झाला, तेव्हा दुसऱ्या दिवशी ते तिच्या गावी पोहोचले होते. तिच्या घराची दगडमातीची भिंत उभी होती. रंगही उडाला नव्हता. घरचे लोक परत आत राहायला जाण्याच्या तयारीत होते. पुढे आलेल्या अभियंत्याने ती भिंत ठोकून पाहिली आणि आतला व बाहेरचा थर एकमेकांपासून सुटल्याचे दाखवले. त्या काळात सारा जिल्हा एक गोष्ट शिकला. जी गावे पुरती कोसळली, त्यांचे पुनर्वसन दुसऱ्या जागी झाले. जिथे हानी कमी होती, तिथे जुन्याच भिंतींना आडवे बांधदगड घालून त्या मजबूत करण्यात आल्या. कोणते घर दुरुस्त करायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे ठोकून पाहिल्यावाचून ठरत नव्हते. काकांनी हा प्रसंग विस्ताराने सांगितला नाही. "अक्काची भिंतही वरून ठीक होती," एवढेच ते म्हणाले. पुतण्याला संदर्भ कळला.

तरीही त्याने एक मोठे नाव पुढे केले. शेजारच्या सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद हे या घरात लहानपणापासून सांगितले जाणारे उदाहरण. जैन व्यापारी घराण्यातला हा माणूस वडिलोपार्जित धंद्यात न रमता रेल्वेच्या कंत्राटांकडे वळला, तिथून जहाजांकडे आणि शेवटी विमानांकडे. १९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह 'लॉयल्टी' हे जुने जहाज विकत घेतले, त्यातून सिंधिया कंपनी उभी राहिली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते जहाज मुंबईहून लंडनला निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत त्यांनी बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. "तेव्हाही लोक त्यांना वेडेच म्हणाले असतील," पुतण्या म्हणाला.

काका त्या नावाचा आदर करणारे होते. म्हणूनच त्यांना गोष्ट अर्धी सोडणे पटले नाही. 'लॉयल्टी' हे १८९१ सालचे जहाज होते. ते फार काळ चालले नाही. १९२३ मध्ये मोडीत निघाले. कंपनी टिकली, कारण तिचा सारा भार त्या एका जहाजावर नव्हता. विमानांच्या कारखान्याचेही तसेच. युद्ध जवळ येताच सरकारने १९४२ मध्ये वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. पण त्यांनी उभा केलेला कारखाना युद्धानंतर एका विलक्षण कामास आला. महायुद्ध संपल्यावर लिबरेटर जातीची अवाढव्य बॉम्बफेकी विमाने कानपूरला टाकून देण्यात आली होती आणि पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मोडतोड केली गेली होती. १९४८ च्या सुमारास बंगळूरच्या कारागिरांनी त्यांतली सुमारे चाळीस विमाने पुन्हा उभी केली. ती भारतीय हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरली.

"म्हणजे भंगारातूनही विमान उभे राहते," पुतण्या उत्साहाने म्हणाला.

"राहते," काका म्हणाले. "पण त्यांच्यापाशी कारखाना होता, शिकलेले हात होते आणि एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसवायला ढीगभर सांगाडे होते. आपल्यापाशी एकच सांगाडा असणार. त्याचा जो भाग मिळणार नाही, तिथे सगळे काम अडणार."

त्या रात्री काकांनी वहीचे कोरे पान काढून चार रकाने पाडले. पहिल्यात विमानाची किंमत. दुसऱ्यात दुरुस्ती: इंजिनाची उकल, नवा प्रोपेलर, आडभिंत, पुढचा पाय, पंखाचे टोक, शिवाय पंख सोडवून सारे विमान मालमोटारीवर घालून आणण्याचे भाडे. तिसऱ्यात कागद. नोंदणी नव्या मालकाच्या नावावर करणे, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, त्याचे दरवर्षीचे परीक्षण, विमा आणि रेडिओचा परवाना. दुरुस्ती करणारी संस्था नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेली आणि सही करणारा अभियंता परवानाधारक असला पाहिजे. गावातला कितीही हुशार मिस्त्री इथे उपयोगाचा नव्हता. चौथा रकाना सर्वांत लांब झाला. त्यात विमान नुसते उभे राहण्याचा खर्च होता.

धाराशिवला धावपट्टी आहे. नांदेड, लातूर, बारामती आणि यवतमाळ यांच्यासह ती २००९ मध्ये दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खाजगी कंपनीकडे देण्यात आली होती. पण धावपट्टी असणे आणि तिथे आपल्या विमानाला छप्पर, राखणदार व इंधन मिळणे या वेगळ्या गोष्टी होत्या. मोठ्या विमानांचे इंधन या इंजिनाला चालत नाही. त्याला अ‍ॅव्हगॅस हे खास पेट्रोल लागते. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते देशात तयार करायला सुरुवात केली, त्याआधी ते परदेशातूनच येई. तासाला वीस-बावीस लिटर इंधन पिंपांतून दूरवरून आणावे लागणार होते.

भाड्याच्या उत्पन्नाचा रकाना तर लिहिण्यापूर्वीच पुसावा लागला. खाजगी वापरासाठी नोंदलेले विमान मोबदला घेऊन चालवता येत नाही. शिकाऊ मुलांना शिकवायचे तर प्रशिक्षण संस्थेची स्वतंत्र मान्यता हवी. हे पुतण्याला माहीत होते. पण स्वप्न रंगवताना त्याने ते बाजूला ठेवले होते. काकांनी त्याला दोष दिला नाही. तेजीच्या अपेक्षेने माल भरणारे मोठमोठे व्यापारीही न परवडणारा आकडा असाच दृष्टीआड करतात, हे त्यांनी अनेकदा पाहिले होते. एकदा त्यांनी स्वतःही ते केले होते.

तरीही त्यांनी नकार दिला नाही. पोत्याच्या तोंडाशी चांगला दाणा दिसला, तरी व्यापारी मधोमध सळई खुपसून नमुना काढतो. तसाच नमुना काढायचे त्यांनी ठरवले. विसार द्यायचा नाही, आधी पदरच्या पैशाने तपासणी करवायची. एका परवानाधारक अभियंत्याला घेऊन काका-पुतण्या त्या धावपट्टीवर गेले. अभियंत्याने विमानाला हात लावण्यापूर्वी नोंदवह्या मागितल्या. विमानाच्या सांगाड्याची वही मिळाली, प्रोपेलरची मिळाली. इंजिनाच्या वहीतली मधली काही वर्षे मिळाली नाहीत. इंजिन किती तास चालले, पूर्वी कधी उघडले आणि कोणते भाग बदलले, याचा पुरावा नव्हता. आडभिंतीवर एका बाजूला नवा रंग होता. त्याखाली जुन्या दुरुस्तीचे रिव्हेट होते आणि त्या दुरुस्तीची नोंद कुठेच नव्हती.

परतीच्या वाटेवर पुतण्या बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, पैशासाठी नाही म्हणता का?"

काकांनी खरे ते सांगितले. पैसे बुडाले असते तर चार हंगामांत भरून निघाले असते. पेढीने त्याहून मोठे घाटे पचवले होते. पण या मालाला दोन आसने होती आणि त्यांतल्या एकावर घरचा मुलगा बसणार होता. दुसऱ्यावर बसणारा कोणाच्या तरी घरचाच असता. ज्या इंजिनाचा मागचा हिशेब लागत नाही, त्याच्या भरवशावर त्या दोघांना हवेत पाठवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्यांना वाटले.

सौदा झाला नाही. त्यासाठी बाजूला काढलेल्या रकमेतून पुतण्याने उड्डाण प्रशिक्षकाच्या परवान्याचा अभ्यासक्रम करावा, असे ठरले. तो त्याने आनंदाने स्वीकारला असे म्हणता येणार नाही. ते पांढरे विमान त्याच्या मोबाइलमध्ये पुढेही बरेच दिवस होते आणि काकांनी ते काढून टाकायला कधी सांगितले नाही.

महिनाअखेर मुनीमजी वही घेऊन आले. अभियंत्याची फी आणि प्रवास असा खर्च झाला होता, पण माल आला नव्हता. ही रक्कम कोणत्या खात्यावर टाकायची, असा त्यांचा प्रश्न होता. तोटा लिहावा का, असे त्यांनी विचारले.

काकांनी क्षणभर विचार केला आणि पुतण्याच्या शिक्षणाच्या खात्यावर नावे टाकायला सांगितले.