हडपसरचा गाडीतळ आणि रुंद नजरेचे भिंग

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने पूर्वेस निघाले म्हणजे हडपसर लागते. इतिहासाच्या अभ्यासकांस हे नाव ठाऊक आहे ते २५ ऑक्टोबर १८०२ च्या लढाईमुळे. ऐन दिवाळीत यशवंतराव होळकरांनी येथे शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा मोड केला, दुसऱ्या बाजीरावांनी पुणे सोडले, आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. आज त्या रणभूमीचा मागमूसही दृष्टीस पडत नाही. मगरपट्ट्याच्या उंच इमारती, उड्डाणपूल आणि वाहनांची अखंड रांग, एवढेच प्रवाशास दिसते. परंतु वर्षातून एक दिवस, ज्येष्ठ वद्य एकादशीच्या सुमारास, ह्या गावास निराळेच रूप येते.

त्या दिवशी ज्ञानोबा व तुकोबा यांच्या पालख्या पुण्याचा मुक्काम हलवून हडपसरास येतात व येथे क्षणभर विसावतात. गाडीतळापाशी वाट फुटते. माउलींची पालखी उजवीकडे वळून फुरसुंगी, वडकी व दिवे घाट चढून सासवडास जाते. तुकोबांची सरळ लोणी काळभोरकडे जाते. पुढे पंढरपूरच्या अलीकडे वाखरीस दोन्ही सोहळे पुन्हा जवळ येतात. तेव्हा गाडीतळ म्हणजे वियोगाचे ठिकाण. २०२० व २०२१ साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी.ने पंढरपुरास गेल्या, आणि हा वियोगही त्या दोन वर्षी घडला नाही. जे वर्षानुवर्षे चालते, तेही चुकू शकते, हे तेव्हा सर्वांस उमगले.

आमच्या वडील वहिनी पूर्वी दर वर्षी दिवे घाटापर्यंत चालत जात. आता गुडघ्यांमुळे त्यांचे जिना उतरणेही बंद झाले आहे. त्यांच्या नातवाने मागील वर्षी दूरचे जवळ आणणाऱ्या लांब लेन्सने पुष्कळ छायाचित्रे काढून आणली. चेहरे सुरेख होते. सुरकुत्या, बुक्का, घामाचे थेंब, सर्व काही स्पष्ट. वहिनींनी ती एकामागून एक पाहिली आणि म्हणाल्या, "बाळ, ह्यात वारकरी आहेत, पण वारी कोठे आहे? वाट कोठे फुटते?" मग त्याने मोबाइलवरील अतिरुंद नजरेचे एक चित्र दाखविले. त्यात वाट होती, पण माणसे मुंग्यांएवढी! त्या दिवशी घरात भिंग घेण्याचा विषय निघाला. एकत्र कुटुंबात असा खर्च एकट्याच्या हौसेने होत नाही, म्हणून त्याचा विचार आम्हांसही करावा लागला.

दान करताना देश, काल आणि पात्र पाहावे, असे आपले शास्त्र सांगते. भिंग निवडतानाही आम्हांस हीच त्रयी उपयोगी पडली.

प्रथम देश. गाडीतळाच्या गर्दीत मागे सरकण्यास चार पावलांचीही जागा नसते, म्हणून जवळून रुंद पाहणारेच भिंग हवे. हिशेब साध्या त्रैराशिकाचा आहे. ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर २४ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग लावले, तर १० फुटांवरील १५ फूट रुंदीचे दृश्य चित्रात मावते. ३५ च्या भिंगात १० फुटांहून किंचित अधिक, ५० च्या भिंगात ७ फूट, आणि २०० च्या लांब भिंगात जेमतेम पावणेदोन फूट! वहिनींच्या तक्रारीचे कारण ह्या शेवटच्या आकड्यात आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असेल, तर हेच २४ चे काम करण्यास सुमारे १६ चे भिंग लागते, हे गिऱ्हाइकाने विसरू नये.

मग काल. ज्येष्ठाच्या अखेरीस आभाळ भरलेले असते. दिंड्या पहाटेच्या अंधारात पुण्यातून निघतात, आणि उड्डाणपुलाखाली दिवसाही सावली दाट. येथे मोठ्या छिद्राचे भिंग कामास येते. नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासाने भागले म्हणजे जो आकडा येतो, तोच भिंगावर लिहिलेला असतो. म्हणून आकडा लहान तितके छिद्र मोठे. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या झूम लेन्सचा आकडा बहुधा ३.५ पासून पुढे असतो. १.८ चे भिंग त्याच्या जवळजवळ चौपट प्रकाश घेते. जेथे झूमला सेकंदाचा तिसावा भाग लागे, तेथे ह्यास सुमारे सव्वाशेवा भाग पुरतो, आणि पखवाजावरील हात पुसट न होता हातासारखा दिसतो. परंतु लख्ख दिवसा हे मोठे छिद्र अनावश्यक. २४ च्या भिंगाचा आकडा ८ वर ठेवून ८ फुटांवर नेम धरला, की ४ फुटांपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. समोरचा वीणेकरीही आणि मागच्या दोन्ही वाटाही. म्हणून १.४ च्या जड व महाग भिंगाचा हट्ट आम्ही सोडावयास लावला. १.८ पासून १.४ पर्यंत जाण्यात दुपटीहून कमीच प्रकाश वाढतो. खिशावरचा भार मात्र पुष्कळ वाढतो.

अशी भिंगे पूर्वी दुर्मिळ होती. आरशाच्या कॅमेऱ्यात मागे आरसा हलत असल्यामुळे रुंद भिंग सेन्सरच्या वा फिल्मच्या जवळ बसविता येत नसे. १९५० साली फ्रान्समधील आंजेन्यू ह्यांनी उलट्या रचनेचे ३५ चे भिंग बाजारात आणून ही अडचण दूर केली. आता आरसाच नाहीसा झाला आहे. निकॉन व कॅनन ह्यांचे २४ चे आणि सोनीचे २० चे भिंग १.८ च्या छिद्रासह मिळते.

राहिले पात्र. रुंद भिंगाने काढलेल्या चित्रात कडेचे चेहरे ताणले जातात, म्हणून कोणाचेही मुख कोपऱ्यात येऊ देऊ नये. शिवाय हे भिंग वापरणारास माणसांच्या जवळ जावेच लागते. दुरून चोरून टिपण्याची सोय त्यात नाही. आम्हांस हा त्याचा दोष न वाटता गुणच वाटला. वारकऱ्याच्या डोळ्यांत पाहून, "माउली" म्हणून नमस्कार करून मगच कॅमेरा उचलावा. विकत घेतेवेळी दुकानात दोन परीक्षा अवश्य कराव्यात: सरळ भिंतीचे चित्र घेऊन चारही कोपरे सारखे स्पष्ट आहेत की नाहीत ते पाहावे, आणि छिद्र पूर्ण उघडून कोपऱ्यातील दिव्यास पक्ष्यासारखे पंख फुटतात काय ते तपासावे.

अखेर २४ चे, १.८ छिद्राचे भिंग घरात आले, आणि यंदा नातू तेच एक घेऊन गाडीतळावर उभा राहिला. त्याच्या मते सर्वांत उत्तम चित्र रथाचे होते. वहिनींनी मात्र दुसरेच हाती धरून ठेवले. त्यात मधोमध वाट फुटलेली आहे, आणि डाव्या कडेशी डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक बाई सासवडच्या वाटेस लागताना मान वळवून लोणीच्या वाटेकडे पाहत आहे. कडेस असल्यामुळे तिचे मुख किंचित ताणले गेले आहे, हे नातवाने लगेच दाखवून दिले. वहिनींनी चष्मा पुसला, चित्र पुन्हा जवळ घेतले, आणि एवढेच विचारले, "तुकोबांची पालखी दिसेनाशी होईपर्यंत ही थांबली होती का रे?"